मूळ मंडळ विरुद्ध अखंड मंडळ

चार माणसांच्या संस्थेत फूट पडायला किती दिवस लागतात, असं मला कुणी विचारलं तर मी स्वानुभवाने सांगू शकतो: अकरा. त्यात दोन रविवार आले, आणि रविवारी आम्ही भांडत नाही. म्हणजे खरं तर नऊच.

सुरुवात अगदी निष्पाप होती. आमच्या एडिंबराच्या चर्चमध्ये वाद्य नाही. पेटी नाही, तार नाही, साधी घंटीसुद्धा नाही. मी पुढे उभा राहतो, स्तोत्राची एक ओळ उचलून देतो, आणि मागून मंडळी ती ओढत नेतात, प्रत्येक जण आपापल्या वळणाने, लाट किनाऱ्याला यावी तशी. एकतीस वर्षं मी ही ओळ देतो आहे. माझ्या लहानपणी, वर डोंगरी मुलुखात, म्हातारे पाळक प्रवचन रंगात आलं की बोलता बोलता गाऊ लागायचे. शब्द कुठे संपला आणि सूर कुठे लागला हे कळायचं नाही, आणि माझी आजी शालीचा पदर डोळ्यांना लावायची. ते ऐकतच मी वाढलो. पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली ती पोटासाठी. ओळ दिली ती स्वतःसाठी. परमेश्वरासाठी म्हणायला हवं, पण त्याला खरं काय ते माहीत आहे.

तर अशा या चर्चमध्ये फर्कर गिलीस याने विजेवर चालणारा ऑर्गन आणण्याचा ठराव मांडला. फर्कर माझा चाळीस वर्षांचा मित्र. बँकेत तपासनीस होता, आता चर्चचा खजिनदार आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. चर्चच्या वडिलांत, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांत, ल्यूडोविक बेली आहे, निवृत्त दंतवैद्य. उभा जन्म दात कोरणाऱ्या यंत्राशेजारी कान ठेवल्यामुळे तो कानाने अधू झाला. मंडळींची ओळ संपते तेव्हा ल्यूडोविकची निम्म्यावर आलेली असते. सगळे गप्प होतात आणि मग त्या शांततेत त्याचा एकट्याचा खर्ज उरलेली अर्धी ओळ सावकाश पुरी करतो. मी वर्षानुवर्षं पुढची ओळ घाईने उचलून ते झाकत आलो. फर्कर म्हणाला, वाद्य असलं की सगळे वेळेवर येतील. "एनियस, यात तुझ्याविरुद्ध काही नाही," असंही म्हणाला. माणूस हे वाक्य फक्त समोरच्याच्या विरुद्ध काही असतानाच वापरतो.

ठरावावर जूनच्या पहिल्या सोमवारी मतदान होतं. तीन वडील इकडे, तीन तिकडे. बरोबरी झाली तर पाळकसाहेबांचं मत. आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड निनियन टॉड, वयाने तरुण, स्वभावाने गोड, आणि प्रवचनाला पडद्यावर चित्रं दाखवणारे. त्यांचं मत कुठे पडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मी घरी तीन दिवस न जेवण्याचा प्रयत्न केला. इशबेलने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याकडे लक्ष दिलं नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "फर्करला वादात हरवायला जाऊ नकोस, तो हरत नाही. त्याला समुद्रावर ने."

इशबेलचा हाच तर त्रास आहे. ती बरोबर असते, आणि विणकाम करता करता बरोबर असते.

आम्ही चौघे, म्हणजे मी, फर्कर, ल्यूडोविक आणि पाळकसाहेब, दर शनिवारी ब्रन्ट्सफील्डच्या मैदानावर गोल्फ खेळतो. ते मैदान सगळ्या गावाचं. दोन काठ्या घेऊन जायचं, कुत्री आणि बाबागाड्या चुकवत खेळायचं. पण समुद्रकाठचं खरं मैदान, जिथे जमीन वाळूची, गवत राठ आणि वारा देवाने स्वतः नेमलेला, तिथे आम्ही चौघांपैकी कुणी पाऊल टाकलं नव्हतं. राहतो मात्र तासाभराच्या अंतरावर. फर्कर दर वर्षी किनाऱ्याच्या गाडीत बसताना तिथल्या ब्रॉक्सनेस मैदानाच्या बाजूची खिडकी धरतो आणि मैदान मागे पडेपर्यंत बोलत नाही, हे मी पाहिलेलं होतं. तेव्हा ब्रॉक्सनेसच ठरलं. मतदानाच्या आधीचा शुक्रवार. समुद्राची हवा, थोडा खेळ, इशबेलचे सँडविच, आणि परतीच्या वाटेवर ऑर्गनचा विषय हळूच काढायचा. बेत इतका साधा होता की त्यात बिघडण्यासारखं काही मला दिसलं नाही. पाणीपुरवठ्यात असताना प्रत्येक मोठी नळवाहिनी फुटण्याआधी मला असंच वाटायचं.

ब्रॉक्सनेस क्लबचे चिटणीस कर्नल हेपबर्न. ते फोन उचलत नाहीत, पत्र लिहावं लागतं. मी लिहिलं. उत्तर आलं की पाहुण्यांनी आपल्या क्लबच्या चिटणिसाचं परिचयपत्र आणि प्रत्येकाच्या हँडिकॅपचा दाखला पाठवावा. पाहुण्यांच्या तारखा सोडतीने ठरतात. आणि शुक्रवारी जुन्या पद्धतीचाच खेळ असतो, चार माणसं, दोन जोड्या, दोनच चेंडू, जोडीने आळीपाळीने फटके मारायचे.

हे पत्र मी जिन्यात उभा राहून वाचत होतो, ही चूक झाली. आमच्या जिन्यात उभं राहून काही वाचलं की खालच्या मजल्यावरच्या मिसेस पर्डी दार उघडतात. त्यांच्या मेहुण्याने एकदा ब्रॉक्सनेसला गोल्फ खेळला होता. तो तेव्हापासून लंगडतो. त्यांनी मला दोन जोड मोजे घालायला सांगितलं, कर्नलशी बोलताना टोपी काढायला सांगितलं, आणि तिथे धुकं कसं येतं ते सांगितलं: आत्ता नाही, आत्ता नाही, आणि मग आहेच. मग आत जाऊन एक पत्र्याची शिट्टी घेऊन आल्या. "गळ्यात घाला, मिस्टर मॅकास्किल. माझ्या मेहुण्याकडे असती तर आज धड चालला असता." मी नम्रपणे नाही म्हटलं. चर्चचा वडील गळ्यात शिट्टी घालून फिरत नाही. एका गायकाला शिट्टी देणं ही काय रीत झाली, असंही मनात आलं, पण ते बोललो नाही.

आता आम्हाला क्लब नव्हता. मैदान सगळ्या गावाचं असलं तर त्याला चिटणीस कुठून येणार? तेव्हा क्लब काढणं भाग होतं. मंगळवारी आमच्या बैठकीच्या खोलीत 'ब्रन्ट्सफील्ड वडील गोल्फ मंडळ' स्थापन झालं. चार सभासद, त्यातला एक अध्यक्ष, एक चिटणीस, एक खजिनदार, आणि ल्यूडोविक सर्वसाधारण सभा.

सोडत म्हणजे जुगार होतो का, यावर पहिली बैठक गेली. पाळकसाहेबांनी प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्याचं सांगून तो प्रश्न सोडवला. दुसऱ्या बैठकीत दाखले झाले. हँडिकॅप म्हणजे काय, तर आपण किती वाईट खेळतो याची लेखी कबुली; आकडा जितका मोठा तितका खेळ वाईट. इतर लोक म्हणे ती देताना कां-कूं करतात. आमच्या पंथात माणूस स्वतःचा दोष सांगताना हात आखडत नाही. मी अठ्ठावीस सांगितले, ल्यूडोविकने छत्तीस, आणि पाळकसाहेब चाळिसाच्या पुढे जाऊ लागले तेव्हा त्यांना थांबवावं लागलं. फर्करने नऊ सांगितले. पाळकसाहेबांनी आकडा पुन्हा विचारला.

तिसऱ्या बैठकीत घटना लिहायला घेतली. इथे घात झाला.

कलम चार. चेंडू खड्ड्यात, चिखलात किंवा गाडीच्या चाकोरीत पडला, तर तो सहा इंच हलवून खेळावा की नाही? ब्रन्ट्सफील्डला सगळे हलवतात. फर्कर म्हणाला, लिहून टाकू. मी म्हटलं, लिहून टाकू नये. चेंडू जिथे पडला तिथे तो योगायोगाने पडलेला नसतो. चिमणीसुद्धा वरच्याच्या नकळत पडत नाही, मग गोल्फचा चेंडू कसा पडेल? तो ज्याने तिथे ठेवला त्याच्या मनात काही असेल. आपण सहा इंचांनी त्याची दुरुस्ती करणारे कोण?

फर्कर शांतपणे म्हणाला, "ज्याने चेंडू खड्ड्यात ठेवला, त्यानेच मला बुटाचं टोक दिलं आहे."

अशी वाक्यं फर्करला ऐन वेळी सुचतात. मला ती रात्री अंथरुणात सुचतात. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो की आज चेंडू हलवणारा माणूस उद्या चर्चमध्ये ऑर्गन आणतो. तो म्हणाला, ते तर मी आधीच आणतो आहे. पाळकसाहेब म्हणाले, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कुठलीही फूट पक्की करायला एवढं वाक्य पुरतं.

आमच्या मुलखात हे नवीन नाही. इथे एकाच गल्लीत तीन चर्चं असतात, तिन्ही एकमेकांपासून फुटलेली आणि तिन्ही आपण जागचे हललो नाही असं म्हणणारी. फर्कर पाळकसाहेबांना घेऊन बाहेर पडला. पाळकसाहेब गेले ते मतामुळे नव्हे. फर्करने त्यांचा कोट हातात घेतला होता. ल्यूडोविक माझ्याकडे राहिला, कारण त्याला भांडण ऐकू आलं नव्हतं आणि चहा अजून यायचा होता. दुसऱ्या दिवशी फर्करने आपल्या मंडळाचं नाव जाहीर केलं: 'ब्रन्ट्सफील्ड वडील गोल्फ मंडळ, अखंड.' निम्मे बाहेर पडून हे अखंड. मी माझ्या मंडळापुढे 'मूळ' लावलं आणि नवीन कागद छापून घेतले. ल्यूडोविकला मी चिटणीस नेमलं आणि सगळं दप्तर त्याच्या स्वाधीन केलं. त्याने विचारलं, चहा आहे का?

दोन्ही मंडळांनी एकमेकांना न सांगता कर्नल हेपबर्नना पत्र लिहिलं. दोघांनी तोच शुक्रवार मागितला. दोघांनी खालच्या बाजूला टीप दिली होती की या नावाच्या दुसऱ्या कुठल्याही संस्थेशी आमचा संबंध नाही. कर्नलसाहेब लष्करातले. त्यांनी सरळ अर्थ लावला. दोघांना एकच उत्तर आलं: 'आपल्या दोन्ही संस्थांमधला वार्षिक सामना आमच्या मैदानावर होत आहे याचा क्लबला आनंद आहे. सोडतीत शुक्रवारच निघाला आहे, सकाळी दहा. आमच्याकडे चेंडू हलवता येत नाही.'

शेवटचं वाक्य मी इशबेलला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे चौघे जाणार होतात ते चौघेच जाणार. एकूण बदललं काय?" बायकांना तत्त्व कळत नाही असं मी म्हणणार होतो. पण तिने विणकामाची सुई हातात धरली होती.

शुक्रवारी दोन्ही संस्था एकाच बसने निघाल्या, कारण दुसरी बस दुपारी होती. मूळ मंडळ पुढे बसलं, अखंड मंडळ मागे. सँडविचची टोपली मात्र एकच. फर्करची बायको सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून त्याचा डबा इशबेलच भरते. दोन टोपल्या कर, असं मी तिला आदल्या दिवशी सुचवून पाहिलं होतं. "फूट तुमच्यात पडली, पावात नाही," एवढंच म्हणाली. ती टोपली पाळकसाहेबांच्या मांडीवर, बसच्या बरोबर मध्यावर, कुठल्याही देशाच्या हद्दीत नसलेल्या बेटासारखी बसली होती. ऑर्गनचा विषय परतीच्या वाटेवर हळूच काढायचा बेत मला आठवत होता. बोलणंच बंद असल्यावर विषय हळू काढायचा की जोरात, हा प्रश्न उरला नाही.

पण ब्रॉक्सनेस दिसलं आणि मी माझा राग काही क्षण विसरलो. निळं पाणी, पिवळी काटेरी झुडपं, आणि त्यांच्या मधून मैदान असं पसरलेलं की वाटावं, ते कुणी केलं नाही, फक्त सापडलं. एका बाजूला दगडी कुंपण, कुंपणापलीकडे खाली किनारा. मागून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मी मागे पाहिलं नाही. चाळीस वर्षांच्या मैत्रीत काही वेळा न पाहणं हीच मदत असते.

कर्नल हेपबर्न दाराशी होते. मी टोपी काढली. त्यांनी आमच्या आठ काठ्यांकडे पाहिलं. बाकीचं सामान मागून येतंय का, असं त्यांनी विचारलं. हेच सामान, असं मी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. लढाईत याहून कमी दारूगोळ्यावर उभी राहिलेली माणसं त्यांनी पाहिली असावीत. मग त्यांनी विचारलं की या दोन मंडळांत फरक नेमका काय. फर्कर आणि मी एकदमच सांगायला लागलो आणि एकदमच थांबलो. कर्नल म्हणाले, समजलं, आमच्या गावातही आहेत तशी दोन चर्चं.

पहिल्या सात होलचं आख्यान मी लावत नाही. सभ्य माणसांनी एकमेकांचे फटके सांगू नयेत. एवढंच सांगतो की छत्तीसवाला ल्यूडोविक देवदूतासारखा खेळत होता, नऊवाला फर्कर वाळूच्या खड्ड्यातून दोनदा फक्त टोपीने दिसला, आणि सामना बरोबरीत होता. चेंडू कुणीही हलवला नाही. फर्करचा एकदा सशाच्या बिळाच्या तोंडात बसला होता. तो वाकला, पाहिलं, सरळ झाला आणि चेंडू न हलवता, होता तिथेच बिळात काठी मारली. मला बघायला मिळावं म्हणून त्याने ते केलं. मी बघितलं.

आठवा होल समुद्राच्या कडेने जातो. या जोडीच्या खेळात एक फटका मारतो, आणि ज्याची पुढची पाळी तो आधीच पुढे जाऊन चेंडू कुठे पडतो ते बघत उभा राहतो. तेव्हा फर्कर दोनशे पावलं पुढे गेला. मीही जायला हवं होतं, पण ल्यूडोविकला दिशा दाखवायला मागेच राहिलो. आधी पाळकसाहेबांनी मारलं. त्यांचा चेंडू उजवीकडे वळला, वळतच गेला, आणि दगडी कुंपणावरून खाली किनाऱ्यावर उतरला. तिथेही तो खेळातच धरतात. फर्कर कुंपण ओलांडून खाली उतरताना मला दिसला. सहासष्ट वर्षांचा माणूस, गळ्यात टाय, हातात एक काठी.

आणि मग धुकं आलं. मिसेस पर्डींनी सांगितलं तसंच. आत्ता नव्हतं, आत्ता नव्हतं, आणि मग माझाच हात मला दिसेना.

पाळकसाहेबांना मी कुंपणाला हात लावत लावत क्लबकडे पाठवलं, कर्नलना सांगा म्हणून. मग ल्यूडोविकच्या कोटाची बाही धरून मी त्याच कुंपणाच्या कडेने पुढे निघालो. खालून पाण्याचा आवाज येत होता, आणि तो सकाळपेक्षा जवळ होता. भरती लागली होती. मी हाक मारली, "फर्कर, कुठे आहेस?"

उत्तर आलं, "इथे."

धुक्यात इथे ही काही जागा नव्हे. आवाज डावीकडून आला, उजवीकडून आला, थोडा वरूनही आला. मी सांगितलं, वर ये, पाणी चढतंय. तो म्हणाला, दिसतंय, बुटात आलंय. मग येत का नाहीस, म्हणून मी विचारलं. मग फर्करचा तोच शांत, बँकेचा आवाज आला.

"चेंडू दगडाच्या फटीत आहे. मी हललो तर जागा सापडायची नाही. धुकं निवळलं की खेळेन. हलवायचा नाही, हा तुझाच नियम आहे, एनियस."

मी कुंपणावर हात टेकून उभा राहिलो. एकतीस वर्षं मी देवाच्या घरी पुढे उभा राहतो आहे. एवढा लहान मी कधी झालो नव्हतो. हा माणूस माझ्या कलम चारासाठी समुद्रात उभा होता. त्याला ते कलम कणभर पटत नव्हतं. पण तो पाहुणा म्हणून आला होता, नियम मान्य करून आला होता, आणि समोर कुणी बघत नसताना सहा इंच चोरणारा तो नव्हता. चाळीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं का? होतं. माहीत होतं म्हणूनच तर मी त्याला बेइमान म्हणायला एवढा मोठा आवाज लावला होता.

"फर्कर," मी म्हणालो, "हलव तो."

"किती? सहा इंच?"

"खिशात घाल आणि ये. होल तुझा. सामना तुझा. वरच्याने तिथे चेंडू ठेवला असेल, मित्र मात्र मी ठेवलाय. माझं मी त्याच्याशी बघून घेईन."

खाली पाणी खळबळलं. मग म्हणाला, "घातला. पण येऊ कुठे? तू चहूबाजूंनी बोलतोयस." आणि जरा थांबून, त्याच आवाजात, फक्त थोडा कमी बँकेचा: "गुडघ्याला लागलं पाणी, एनियस."

त्या क्षणी मला मिसेस पर्डींची शिट्टी आठवली. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. माझं तर भरतीच्या रेषेखाली होतं. मी पुन्हा हाका मारल्या. हाक लहान असते. कानाने तिची दिशा धरावी, तोवर ती संपलेली असते. मग कसं सुचलं कोण जाणे, म्हणजे कोण ते मी जाणतो, पण मी टोपी काढली, श्वास भरला आणि स्तोत्राची ओळ उचलली. जुन्या चालीची, संथ, एकेका अक्षराला लाटेइतकी लांबी असलेली.

ओळ संपली. श्वास घ्यायला मी थांबलो. आता इथे शांतता व्हायची, आणि शांततेत फर्कर पुन्हा चुकायचा. पण शांतता झाली नाही. माझ्या शेजारी, बाही अजून माझ्या मुठीत, ल्यूडोविक होता. त्याला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं, पण मी टोपी काढून छाती भरून घेताना त्याने पाहिलं होतं, आणि एवढं पाहिलं की काय करायचं हे त्याला ठाऊक होतं. त्याची ओळ निम्म्यावर होती. तो खर्ज, जो मी एकतीस वर्षं झाकत आलो, धुक्यात दगडासारखा पक्का उभा राहिला. तो संपतो आहे तोच माझा श्वास भरला आणि मी पुढची उचलली. त्याच्या श्वासाला मी होतो, माझ्या श्वासाला तो. सूर कुठे तुटलाच नाही.

तिसऱ्या ओळीला खालून तिसरा आवाज लागला. चिरका, थरथरता, सुराच्या एक पायरी खाली. फर्कर नेहमी तिथेच गातो. आवाज जवळ येऊ लागला. पाचव्या ओळीला कुंपणावर एक ओला हात आला, मग टाय, मग फर्कर. तो वर चढला, पण ओळ पुरी होईपर्यंत गायचा थांबला नाही. आमच्यात कुणी मधे थांबत नाही. मागून आणखी आवाज आले. पाळकसाहेब आले होते, कर्नल हेपबर्न आले होते, हातात घंटा, आणि कर्नलनी घंटा काखेत दाबून टोपी काढली होती. त्यांनी त्यांच्या चर्चच्या वळणाने ओळ ओढली. गावातल्या दोनपैकी कुठलं त्यांचं, ते मला वळणावरून लगेच कळलं. मी काही बोललो नाही.

पुढे क्लबच्या शेकोटीशी फर्कर कर्नलच्या विजारीत बसला होता. ती त्याला दोन वीत आखूड होती. सँडविच चौघांनी मिळून खाल्ले. मग फर्करने खिशातून चेंडू काढला, टेबलावर ठेवला आणि ल्यूडोविकच्या बाजूला सहा इंच सरकवला. ल्यूडोविकने तो उचलून खिशात घातला. त्याला वाटलं त्याचाच.

सोमवारी वडिलांची सभा भरली. मी मनात सगळं सोडून आलो होतो. ऑर्गन आला तर शेवटच्या बाकावर बसून गाईन, असं इशबेलला सांगूनही आलो होतो. ती म्हणाली होती, मफलर घे. फर्कर उठला. ठराव मागे घेतो, म्हणाला. खजिनदार म्हणून कारण नोंदवणं भाग आहे, तेव्हा लिहून घ्या. "वाद्य असलं की सगळे वेळेवर येतात, असं मी म्हटलं होतं. ते खरंच आहे. पण शुक्रवारी ल्यूडोविक वेळेवर असता, तर एनियसच्या प्रत्येक श्वासाला मी थांबलो असतो, आणि थांबण्याइतकं पाणी कमी नव्हतं." एवढं बोलून तो खाली बसला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी नाक शिंकरलं, तेव्हाही पाहिलं नाही.

दोन्ही मंडळांचं एकीकरण पुढच्या मंगळवारी आमच्या बैठकीच्या खोलीत पार पडलं. कलम चार गाळलं. तिघांनी हात वर केले, आणि 'संयुक्त मंडळ' जाहीर झालं. ल्यूडोविकने हात वर केला नाही. त्याला ठराव ऐकू आला नव्हता. आम्ही तो पुन्हा मोठ्याने वाचला. तेव्हा त्याने मूळ मंडळाचं दप्तर पोटाशी धरलं आणि आपण आहोत तिथेच बरे आहोत असं सांगितलं. ऐकू आलं होतं की नव्हतं, हे आता मला छातीठोक सांगता येत नाही. कर्नल हेपबर्ननी कळवलं आहे की क्लबला मूळ मंडळ ठाऊक आहे, संयुक्त वगैरे कुणी ठाऊक नाही. त्यामुळे यंदा ब्रॉक्सनेसला आम्ही तिघे जाणार ते मूळ मंडळाच्या एकमेव सभासदाचे पाहुणे म्हणून. त्याने आमच्याकडून हँडिकॅपचे दाखले मागवले आहेत. फर्करने या वेळी एकोणीस लिहिले. मिसेस पर्डींकडे मी स्वतः जाऊन शिट्टी मागून आणली आहे.

रविवारी मी पुढे उभा राहतो. ओळ देतो. मंडळी ती ओढत नेतात, लाट येते, पसरते, ओसरते. सगळे गप्प होतात आणि त्या शांततेत ल्यूडोविकची अर्धी ओळ उरते. पूर्वी इथे मी घाई करायचो. आता मी पुस्तक मिटून, हात खाली सोडून, तो पोचेपर्यंत थांबतो.